चिंगीची पिशवी

आमच्या कुत्रीचं, चिंगीचं, वजन सव्वाचार किलो. एवढ्याशा जिवाला गाडीत वेगळी जागा कशाला, म्हणून पहिली दोन वर्षं ती माझ्या मांडीवर बसूनच फिरली. पुढची सीट, काच अर्धी खाली, कान वाऱ्यावर. शेजारच्या गाडीतली माणसं बघून हसायची आणि मीही जरा मिरवून घ्यायचे.

मग एकदा पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. आमचा वेग चाळीसही नसेल. तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलंय अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात हातात उरली नुसती दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या पायाशी, ती. हाडबिड काही मोडलं नाही, पण दोन दिवस घोगरं खोकत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मग माझी हजेरी घेतली. लहान चणीच्या कुत्र्यांची श्वासनलिका आधीच नाजूक, गळपट्ट्याचा हिसका थेट तिच्यावर बसतो. दोरी लावायची तर छातीभोवतीच्या हार्नेसला. आणि मांडीचं म्हणाल, तर ताशी 50 किलोमीटर वेगानं आदळणं म्हणजे जवळजवळ 10 मीटरवरून खाली पडणं. "तिसऱ्या मजल्यावरून पडणारं कुत्रं मांडीत झेलाल का?" त्यात पुढच्या सीटला एअरबॅग. ती फुगते माणसाच्या हिशेबानं, सव्वाचार किलोच्या नाही.

त्याच आठवड्यात जाळीची पिशवी आणली आणि पुढच्या प्रवासाला निघताना चिंगीला सरळ तिच्यात कोंबलं. तीन तास अखंड रडगाणं. पोहोचलो तेव्हा जाळीला भोक होतं आणि तिच्या एका नखातून रक्त येत होतं. चूक पिशवीची नव्हती.

दुसऱ्या खेपेला शहाणपणानं घेतलं. पिशवी तीन आठवडे बैठकीच्या कोपऱ्यात उघडी पडून होती. आत नवऱ्याचा जुना टी-शर्ट, मुद्दाम न धुतलेला. वासासाठीच तर तो ठेवायचा. पहिले चार दिवस तिनं ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, अशी झोपली. तिला खरी भीती पिशवीच्या चेनच्या आवाजाची होती. म्हणून चेन बोटभर ओढायची, खाऊ द्यायचा, परत उघडायची. मग अर्धी. मग पूर्ण, पण मिनिटभरच. त्यानंतर बंद गाडीत नुसतं बसणं, मग इंजिन चालू करून बसणं, मग कोपऱ्यापर्यंत चक्कर. नवरा म्हणाला, लग्नाआधी मला एवढा वेळ दिला नव्हतास.

पिशवीत उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं की माप बरोबर. त्याहून मोठी नको, वळणावर आत घसरतात. आम्ही ती पुढच्या सीटच्या मागे, खाली जमिनीवर ठेवतो. पुढची सीट मागे सरकवली की पिशवी हलत नाही.

उलटीचं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. तिची लक्षणं आता पाठ आहेत: आधी ओठ चाटते, मग जांभया, मग तोंडातून लाळेची बारीक तार. जांभयांपाशी गाडी थांबवली तर निभावतं, तारेपर्यंत थांबलो तर टी-शर्ट बदला. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद ठेवते. पण पिल्लू असेल तर हा नियम डॉक्टरांना विचारूनच. इवल्याशा पिल्लांची साखर उपाशीपोटी झपकन उतरते. औषधही त्यांनी दिलेलंच, माणसांची गोळी अर्धी करून वगैरे अजिबात नाही. आणि हो, पर्समधलं च्युइंगगम गाडीत वर ठेवा. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेततं.

दर दोन तासांनी थांबतो. आधी दोरी, मग दार, हा क्रम घाईतही मोडत नाही.

गाडीत तिला एकटं सोडणं तर नाहीच. बाहेर 24 अंश, म्हणजे आपल्याला छान वाटणारी हवा असली, तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 34 होतात आणि अर्ध्या तासात चाळिशी पार. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. "पाचच मिनिटं" म्हणणाऱ्यांशी मी आता भांडते. आमच्यात एक जण उतरतो, दुसरा कळ काढतो.

विमानाचा अनुभव एकदाच. पिशवी पुढच्या सीटखाली मावली म्हणून ती आमच्यासोबत आली. झोपेचं औषध द्यायचा मोह झाला होता, पण डॉक्टरांनी साफ नकार दिला. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडला तर वर आकाशात करणार काय. पग वगैरे चपट्या नाकाची कुत्री असतील तर आणखीच जपावं लागतं.

परवा माळा आवरताना मोठी बॅग खाली काढली. कुठेही जायचं नव्हतं. पण चिंगी पिशवीत जाऊन बसली ती बसलीच, जेवायलाही बाहेर येईना. शेवटी रात्री साडेनऊला नवऱ्यानं तिला पिशवीसकट उचलून गाडीत ठेवलं आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणली.