सात की आठ

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असतो, कूलरच्या ओल्या गवताचा वास घरभर भरलेला असतो आणि वर्तमानपत्रातले शब्दकोडेही सोडवून संपलेले असते. अशाच एका दुपारी सुट्टीसाठी आलेली माझी भाची एका ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, शेवटचा भाग पाहून झाल्यावर फोन हातात धरून बराच वेळ नुसतीच बसून राहिली. रडली वगैरे नव्हती; शेवट गोड होता. काय झाले असे विचारल्यावर तिने अत्यंत गंभीरपणे सांगितले, "मामा, सात दिलं तर अन्याय होतंय, आणि आठ दिलं तर लई होतंय."

घरातल्या इतरांना यात व्यथा कसली, हे कळले नाही. मला ती लगेच कळली, कारण चाळिशी ओलांडल्यावरही मी पाहिलेल्या मालिकांची गुणांसह यादी ठेवतो आणि एखादी मालिका पाहायला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक काळ तिच्या गुणांचा विचार मनात घोळवतो.

अशा याद्या ठेवण्याचे एक संकेतस्थळ म्हणजे मायॲनिमेलिस्ट. तिथे १ ते १० असे गुण द्यायचे असतात आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ लिहिलेला असतो. त्या हिशोबाने ५ म्हणजे साधारण, ६ म्हणजे ठीक, ७ म्हणजे चांगली. प्रत्यक्षात हा तक्ता कोणी मनावर घेत नाही. सरासरी ५ असलेल्या मालिकेकडे लोक वळूनही पाहत नाहीत, ६ हा अपमान समजला जातो, आणि सगळा खरा व्यवहार ७ आणि ९ यांच्या दरम्यान उरकला जातो. याला गुणांची महागाई म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण मला त्यात नवल वाटत नाही. जी मालिका आवडत नाही ती आपण तिसऱ्या भागानंतर सोडून देतो (तीन भाग पाहूनच काय ते ठरवायचे, हा या मंडळींचा अलिखित नियम आहे), त्यामुळे शेवटपर्यंत पाहिलेल्या मालिकांमध्ये नापास करण्याजोग्या मालिका मुळातच थोड्या उरतात. शिवाय ज्यांना लहानपणापासून ३५ म्हणजे काठावर पास आणि ६० म्हणजे पहिला वर्ग हेच माहीत, त्यांना १० पैकी ५ म्हणजे 'बरी आहे' हे पटणार कसे?

सोडून दिलेल्या मालिकेला गुण द्यावेत की नाही, यावर तर घरोघरी मतभेद आहेत. मायॲनिमेलिस्टने आपल्यापुरता तोडगा काढला आहे: मालिकेचा निदान पाचवा हिस्सा पाहिलेला नसेल, तर तो गुण सरासरीत धरला जात नाही. म्हणजे तिसऱ्या भागाला वैतागून १ देणाऱ्याचा राग २४ भागांच्या मालिकेत वाया जातो आणि १२ भागांच्या मालिकेत बरोबर लागू पडतो. हा हिशोब मी भाचीला सांगितला तेव्हा तिने त्यात गणिताऐवजी अन्यायच पाहिला. मी स्वतः सोडलेल्या मालिकांना गुण देत नाही. उठून गेलेल्या माणसाने ताटाबद्दल बोलू नये, अशी माझी समजूत आहे, आणि तिच्यासाठी माझ्याजवळ काही भक्कम कारण नाही.

ॲनिलिस्ट या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मोजपट्टीच आपण निवडायची असते: १००पैकी, १०पैकी, दशांश चिन्हासह १०पैकी, पाच तारे, किंवा नुसते तीन चेहरे, एक हसरा, एक निर्विकार आणि एक रडका. माणसाने यांतली कोणती पट्टी निवडली यावरून मला त्याच्याविषयी बरेच काही कळल्यासारखे वाटते. भाचीचा एक वर्गमित्र १००पैकी गुण देतो आणि ७३ व ७४ यांतला फरक सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून अर्धा तास समजावून सांगू शकतो. तीन चेहऱ्यांवर भागवणारी एक मैत्रीण त्याच कट्ट्यावर शेंगा सोलत ते सगळे ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "म्हणजे हसराच की!"

पण पट्टी कोणतीही असो, माझ्या मते गुण देणाऱ्यांच्या मूळ जाती दोनच: वजा करणारे आणि बेरीज करणारे. मी पहिल्या जातीचा, आणि ती मला घरातूनच मिळाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात माल तपासायचे काम करीत. मागावरून उतरलेली चादर लांब टेबलावर पसरायची, ट्यूबलाइटखाली तिच्यावरून तळहात फिरवायचा, तुटलेला ताणा, राहिलेली गाठ, तेलाचा डाग किंवा नक्षीतल्या मोराची सरकलेली मान दिसली की खडूने खूण करायची आणि ती चादर बाजूला काढायची. शाळा सुटल्यावर मी डबा परत न्यायला जायचो तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे पाहत असे. निर्दोष चादरीबद्दल अण्णा एक अक्षरही बोलत नसत. ती फक्त चांगल्या मालाच्या थप्पीवर जाई. हेच माझ्या अंगात उतरले आहे. माझ्यापुढे प्रत्येक मालिका १० गुण घेऊनच येते आणि मग मी खडू हातात घेतो. समुद्रकिनाऱ्यावरचा अनावश्यक भाग, अर्धा गुण. खलनायकाचे मरता मरता सांगितलेले लांबलचक बालपण, अर्धा गुण. मागच्या भागाची उजळणी करण्यात चार मिनिटे घालवली, तर त्याची नोंद वेगळी.

भाची बेरीज करते. तिची मालिका शून्यावर उभी असते आणि तिला प्रत्येक गुण कमवावा लागतो. सुरुवातीचे गाणे आवडले की एक, स्वयंपाकाची वाफ नीट काढली असली की एक, आणि रडू आले की थेट दोन. दोन्ही वाटांनी आम्ही बहुतेक वेळा सात किंवा आठलाच येऊन पोहोचतो; म्हणून भांडण होत नाही. पण अधूनमधून एखादी अशी मालिका येते की दोघांच्या वाटा पार फाकतात. 'हारुही सुझुमिया'च्या २००९ सालच्या भागांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचे तेच दिवस पुन्हा पुन्हा येतात आणि जवळजवळ तीच गोष्ट सलग आठ भाग सांगितली आहे. त्यातली मेख अशी की, हे आठही भाग नव्याने रेखाटलेले आहेत, कपडे बदलले आहेत, कोन बदलले आहेत, संवाद पुन्हा बोलून घेतले आहेत. तेव्हाच्या जपानी प्रेक्षकांनी ही शिक्षा आठ आठवडे भोगली. मी एकाच कंटाळ्याचे आठ वेळा गुण कापले. भाचीने मात्र अशी हिंमत केल्याबद्दल तीन गुण जादा दिले, आणि वर मलाच विचारले की पात्रांना जो उबग आला असेल तो मलाही आला, तर मग मालिका फसली कुठे? यावर माझ्याजवळ उत्तर नाही, पण कापलेले गुण मी परत केलेले नाहीत.

खरी परीक्षा असते ती शेवट बिघडलेल्या मालिकांची. 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' १९९५-९६ मध्ये २६ भागांत झाली. शेवटच्या दोन भागांत लढाया बाजूला ठेवून कथा नायकाच्या मनात शिरते, प्रेक्षक खवळले, आणि १९९७ मध्ये चित्रपटातून दुसरा शेवट आला. आता गुण कशाला द्यायचे? चोवीस भागांना, सव्वीसना, की सव्वीस अधिक चित्रपटाला? 'डेथ नोट'चे भाग ३७, पण तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण पंचविसाव्या भागापर्यंतची आणि त्यानंतरची असे दोन तुकडेच करतात. (कारण सांगत नाही; ज्यांनी पाहिलेली नाही त्यांचा विचार करायला हवा.) मी सरासरी काढत नाही, हे स्पष्ट सांगतो. शेवटच्या घासाला खडा लागला तर जेवणभर खडेच होते असे वाटते, हे खरे असले तरी आधीच्या चोवीस घासांनी पोट भरलेलेच असते. पूर्वी मायॲनिमेलिस्टवरच्या समीक्षांत कथा, चित्रे, ध्वनी, पात्रे आणि आनंद असे वेगवेगळे गुण देण्याची सोय होती. ती वापरणारे लोक काय करीत, हे मला पक्के ठाऊक आहे: एकूण आकडा आधी ठरवीत आणि मग तो जुळेपर्यंत बिचाऱ्या ध्वनीचे गुण खालीवर करीत बसत.

यादीच्या अगदी शिखरावर मात्र वजाबाकीही नसते आणि बेरीजही नसते, तिथे नुसती चढाओढ असते. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर होती, आणि एखादी नवी मालिका जवळ येऊ लागली की दोन्हीकडचे भक्त परस्परांच्या मालिकेला १ देऊ लागत. अखेर २०२३ मध्ये सुरू झालेली 'फ्रिरेन' तिच्या पुढे गेली. हजाराहून अधिक वर्षे जगलेल्या नायिकेला, ज्यांच्यासोबत दहा वर्षे हिंडलो त्यांना आपण ओळखूनच घेतले नाही, हे ते गेल्यावर उमगते, अशी ती गोष्ट आहे. आणि तिला गुण द्यायला लोकांनी शेवटच्या भागाचीसुद्धा वाट पाहिली नाही.

माझ्या यादीत एका मालिकेपुढे अजून आकडा नाही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागत असे. आमच्या शेजारच्या पद्मशाली कुटुंबाच्या घरात पुढच्या खोलीत माग होता आणि मागच्या खोलीत टीव्ही होता, आणि त्या अर्ध्या तासापुरता माग थांबवावा म्हणून आम्ही मुले त्यांच्या आजोबांच्या मागे लागत असू. ते तेलुगूत रागवत आणि माग थांबवत. मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाची भारतातल्या जंगलाची गोष्ट जपान्यांनी १९८९ मध्ये ५२ भागांत रेखाटली, ती हिंदीतून बोलत होती, त्यातला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरत होता, आणि ती पाहणारी मुले आपसांत तेलुगू आणि मराठी बोलत होती. हे ॲनिमे आहे हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी काही बिघडले नसते. आता तिला गुण काय देणार? वजा करायला बसलो, तर खडू कुठे टेकवावा ते सापडत नाही, कारण तिच्यातला एकही प्रसंग मला धड आठवत नाही. आठवतो तो थांबलेला माग आणि त्यानंतर घरात पडलेली शांतता. भाचीचे म्हणणे असे की, पुन्हा पाहा आणि मग दे. ते मी करणार नाही.

अण्णा आता निवृत्त आहेत आणि त्यांना ॲनिमेचे काही देणेघेणे नाही. तरीही एका संध्याकाळी मी २०१९ ची 'डीमन स्लेयर' पाहत असताना ते शेजारी येऊन टेकले. जपानी कळत नव्हते, खालची इंग्रजी अक्षरे वाचण्याइतका वेळ ती थांबत नव्हती. नायकाच्या अंगावर हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा असतो, त्याच्याकडेच ते सारखे पाहत होते. मुलगा धावला, उडाला, कोलमडला, बर्फात लोळला. अण्णांची नजर झग्यावरून हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "एवढं हलतंय, तरी चौकटी कुठं सरकल्या नाहीत. हे हातानं काढतात का?" माणसेच काढतात, असे मी सांगितले. ते उठले, जाता जाता "चालतंय" म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

आयुष्यभर थप्पीवर चादरी ठेवताना ज्यांनी तोंड उघडले नाही, त्यांचे 'चालतंय' १० पैकी किती धरावे, याचा मी बराच विचार केला आहे. मालिकेला मी आठ दिले. नऊ द्यायला हरकत नव्हती, पण मध्यापासून पुढे तो पिवळ्या केसांचा मुलगा फारच ओरडतो.