एन्रॉन तर कधीच बुडाली, मग ती फिल्म कशाला दाखवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणपतीत मुंबईची पोरं गावी आली की मी त्यांना ‘एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम’ बघायला बसवतो, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, काका, ती अमेरिकेतली वीज-गॅसची कंपनी २००१ लाच बुडाली ना, आता काय उकरून काढायचंय त्यात?

कंपनी बुडाली हो, पण कागदावर नफा उभा करायची तिची रीत अजून जिवंत आहे आणि ती इतकी सोपी करून सांगणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. ॲलेक्स गिब्नीने २००५ ला केलेली ही डॉक्युमेंटरी. त्यात मार्क टू मार्केटचा भाग आला की मी फिल्म थांबवतो. वीस वर्षांच्या करारातून पुढे जो नफा होईल असं कंपनीला वाटतं, तो सही झाली त्याच वर्षी हिशोबात धरायचा. आज कलम लावलं आणि पुढच्या वीस हंगामांच्या आंब्याचे पैसे आजच वहीत जमा, तसं. फळ धरो न धरो, साहेबलोकांचा बोनस मात्र खरा.

आता आपल्याकडे या. एन्रॉनने इथे काढलेल्या कंपनीचं नाव दाभोळ पॉवर, पण प्रकल्प दाभोळात नाहीच, खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. टेंडर न काढता बोलणी झाली आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज बोर्डाशी करार झाला. त्या करारातली मेख आमच्या तालुक्यातल्या शिकलेल्या माणसांनाही धड सांगता येत नाही म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगत बसतो, बोर्डाने वीज घेतली काय न घेतली काय ठरलेले पैसे द्यायचेच, ते पैसे डॉलरला बांधलेले, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार, वीज बनवायचं इंधन, म्हणजे नाफ्था, महागला की त्याचाही भार आपल्याच बोडक्यावर, आणि वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. धोका सगळा आपल्या गळ्यात. १९९५ ला युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्याने बोलणी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला, बोर्डाला बिलं झेपेनात, २००१ ला बंद. त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

फिल्ममध्ये दाभोळ थोडक्यात येतं. जो नफा कधी आलाच नाही त्यावर अधिकाऱ्यांनी लाखो डॉलरचे बोनस घेतले, एवढं तिथे कळतं. पण मला सगळ्यात जास्त लागतो तो अमेरिकेतल्या पोर्टलँडचा लाइनमन. खांबावर चढून काम करणारा माणूस, त्याची वीज कंपनी एन्रॉनने घेतली आणि त्याची म्हातारपणाची पुंजी एन्रॉनच्या शेअरमध्ये गेली. ३ लाख ४८ हजार डॉलरची पुंजी, शेवटी १,२०० डॉलर हातात आले. आपल्या महावितरणच्या वायरमनसारखाच माणूस हो तो! पोरं इथे एकदम गप्प होतात.

कॅमेरा जास्त करून एन्रॉनच्या मुख्यालयाच्या गावी, ह्यूस्टनमध्ये फिरतो, म्हणून वेलदूरचं मी तोंडी सांगतो. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस मच्छीमारांच्या घरांत घुसले, बायकांना मारहाण करून उचलून नेलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेच्या १९९९ च्या अहवालात हे सगळं आहे, आणि प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कंपनी सरकारला देत होती हेही त्यातच आहे. ज्या पोलिसाचा खर्च कंपनी देते तो गावाची तक्रार कशी लिहून घेणार, मला हे आजही पटत नाही.

बारसूच्या रिफायनरीचा विषय निघाल्यापासून हा प्रश्न मला जास्तच विचारतात, की तुम्ही कोकणातले लोक विकासाच्या आड का येता. माझं म्हणणं एवढंच, कुठलाही प्रकल्प आणा, पण त्याचा करार आधी मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवा, नुकसान झालं तर कोण भरणार ते कलम मोठ्याने वाचा आणि मग जमीन मागा. अंजनवेलला हे झालं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

आणि फिल्म बघून झाली की दाभोळचा व्यवहार तपासणाऱ्या माधव गोडबोले समितीचा २००१ चा रिपोर्टही काढून वाचा. एका पक्षावर खापर फोडून मोकळं होता येत नाही त्यात, वेगवेगळ्या वेळच्या सगळ्या सरकारांचा कारभार फसला असं सरळ लिहिलंय.