मोंझाला आधी टायरची हवा बघा

जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या रेसगाड्यांची) शर्यत टीव्हीवर बघताना समालोचक टायर प्रेशरचा विषय काढतात, आपण मान डोलावतो आणि ओव्हरटेकची वाट बघत बसतो. 'असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने' हा गेम (२०१९, कुनोस सिमुलात्सिओनी) नेमका तिथेच आपल्याला पकडतो. महागडं स्टिअरिंग आणलं तरी हवा चुकली की गाडी वळत नाही.

कोरड्या ट्रॅकसाठी गरम टायरचं प्रेशर २६ ते २७ पीएसआय हवं. सेटअपच्या (गाडीची जुळणी ठरवायच्या) पानावर दिसतो तो सुरुवातीचा आकडा. त्याच्यावर जाऊ नका. तीन-चार लॅप नेहमीच्या वेगात मारा आणि मग चारही टायर वाचा. २७.४ दिसलं आणि २६.५ हवं असेल, तर सुरुवातीची हवा ०.९ ने उतरवा. इटलीतल्या मोंझा ट्रॅकला मोठी वळणं बहुतेक उजवी: कुर्वा ग्रांदे, दोन्ही लेस्मो, पाराबोलिका. भार डावीकडच्या टायरवर येतो, ते जास्त तापतात, म्हणून डावीकडे सुरुवातीची हवा थोडी कमीच ठेवायची. हवा जास्त झाली तर रबराचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि गाडी घसरते. घसरली की टायर आणखी तापतो, हवा आणखी चढते. कमी झाली तर टायरची भिंत लुळी पडते आणि स्टिअरिंगला उशिरा उत्तर मिळतं. दुपारचं ऊन ढगाआड गेलं तरी हे गणित पुन्हा मांडावं लागतं.

दुसरी गोष्ट ब्रेक. सरळ रस्त्यावरून पहिल्या शिकेनला (वेग तोडायला लावणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) येताना वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो. सुरुवातीला १५० मीटरच्या पाटीपाशी ब्रेक लावून बघा. पहिला दाब पूर्ण द्यायचा, मग वेग उतरेल तसा पाय हळूहळू सोडायचा. वेग कमी झाला की गाडीला खाली दाबणारी हवेची ताकद कमी होते, त्यामुळे तेवढाच ब्रेक आता टायरला जड जातो. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून पाय तसाच रोवून ठेवणारे पुढचे टायर भाजून काढतात आणि मग 'अंडरस्टिअर आहे', म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी वळत नाही, म्हणून सेटअपला दोष देतात! वळणात शिरताना नाक आत येतच नसेल, तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकच्या जोराची वाटणी) अर्धा टक्का मागे घ्या. शेपूट सुटू लागली तर पुन्हा पुढे.

एवढा जोर लावायचा तर चाकांची खुर्ची चालत नाही, प्रत्येक ब्रेकला ती मागे पळते. चार पायांची घ्या, पेडल भिंतीला टेकवा.

फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती कोनातलं दृश्य दिसतं, तेसुद्धा मोजूनच ठेवा. २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन जेमतेम ३१ अंश येतो. पहिल्यांदा नळीतून बघितल्यासारखं वाटतं, पण वळण किती लांब आहे ते खरं कळू लागतं. फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते त्या जोराची) पट्टी सतत लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराचं प्रमाण, उतरवा. मोटर आधीच पूर्ण ताकदीवर असते, वरचे बारकावे तिच्याकडून हाताला पोचतच नाहीत.

पाऊस आला तर वेट (ओल्या ट्रॅकच्या) टायरला साधारण ३० पीएसआय. ट्रॅक वाळायला लागला की मात्र हेच टायर भराभर तापतात. पिटला (टायर बदलायच्या थांब्याला) जायला दोन लॅप उरले असतील, तर सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या पट्ट्यातून गाडी न्या.