तुझी बोट, तू ठरव

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, "कन्सोल, म्हणजे बोट चालवायचं खोकं, पुढं घेऊ की मागं?" उत्तर ठरलेलं. "तुझी बोट आहे, तुला आवडेल तिथं बसव." वर हसून खांद्यावर थाप. मला याचा इतका राग येतो म्हणून सांगू! सोलापुरात घरासमोर नुसतं गाडीचं बॉनेट उघडा, पाच मिनिटांत चौघं जमतात. एक जण न विचारता पाना हातात घेतो, दुसरा त्याला वेड्यात काढतो, आणि मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत आपली अक्कल निघते. इथं अख्खं आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलेला माणूस गप्प. का, तर दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ नको.

सोलापूरच्या कंबर तलावापलीकडं पाणी न बघितलेल्या माणसाकडं बोट कशी, हे विचारू नका. आहे. अठरा फुटी, फायबरची, ऐंशीच्या दशकातली. खालचा हल, म्हणजे बोटीचं अंग, ठणठणीत, वरचं प्लायवूडचं डेक मात्र पार कुजलेलं. ते उपटून नवं टाकलं, तेव्हा जुन्या कन्सोलच्या खुणाही गेल्या. स्टिअरिंग, थ्रॉटल, मीटर सगळं त्या खोक्यात, त्यामुळं ते कुठं बसणार यावर पुढचं सगळं अडलेलं.

मासेमारीवाल्यांना मागं मोकळी जागा हवी असते, म्हणजे कन्सोल पुढं. पण गॅल्व्हेस्टनची खाडी उथळ, सरासरी खोली दोन मीटरच्या आसपास. वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. जितकं पुढं उभं राहाल तितका गुडघ्यांना दणका. मागं सरका, तर आपटणं कमी होतं, पण बोट शेपटीवर बसते, नाक वर जातं, समोरचं दिसत नाही आणि प्लेनिंगवर यायला, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावायला, वेळ लागतो.

त्यात या जुन्या बोटी हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी बांधलेल्या. माझं नवं फोर-स्ट्रोक जुन्यापेक्षा तीसेक किलो जड आहे, आणि ते सगळं वजन अगदी टोकाला. मागची पाणी जायची भोकं त्यानं पाण्याखाली जातात, आणि बाहेर जायचं पाणी आत येतं.

कन्सोलचं स्वतःचं वजन किरकोळ असतं, हे कागदावर आकडे मांडले तेव्हा डोक्यात शिरलं. खरं वजन त्याच्यामागं उभ्या राहणाऱ्या माणसांचं. कन्सोल, बॅटरी आणि दोन माणसं मिळून दोनशे किलो धरा. ते फूटभर, म्हणजे ०.३ मीटर पुढं नेलं तर वजन गुणिले अंतर साठचा फरक. इंजिनाचे जादा तीस किलो तोलाच्या मध्यापासून दोन मीटर मागं, म्हणजे तेही साठच. हिशेब फिटला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एकटा माणूस उंच नंदीध्वज पेलतो तो वजनाचा मध्य पकडून, आणि ते बघत वाढलेल्याला हे सुचायला इंजिनीअर असावं लागत नाही. (मी आहे, ही गोष्ट वेगळी.)

आता गंमत बघा. "तुझी बोट" म्हणणारा तोच शेजारी शनिवारी सकाळी पाण्यानं भरलेले कॅन गाडीत घालून दारात उभा. लिटरला एक किलो, मोजायला सोपं. बोट पाण्यात सोडली, कॅन पुढंमागं सरकवले, मागच्या भोकांपाशी पेन्सिलीनं रेघा मारल्या. तासभर राबला, पण मत म्हणून एक शब्द नाही दिला. याला चांगुलपणा म्हणायचं की आडमुठेपणा, मला अजून कळलेलं नाही.

इथल्या नियमांवर मी नेहमी कुरकुरतो. वीस फुटांखालच्या बोटीवर किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर याची पाटी १९७२ पासून सक्तीची. २०२१ पासून तर चालवताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावीच लागते. "उजनीत भोई बांधव पिढ्यान्‌पिढ्या पाटीशिवाय जाळं टाकतात," असं मी एकदा ऐटीत सांगितलं, आणि सांगताना मे २०२४ आठवला. कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. मग विषय बदलला. पण आमच्याकडच्या नावाड्याला पाणी कळत नाही असं कुणी म्हणू नये. वाऱ्याचा अंदाज त्याला इथल्या हौशी लोकांपेक्षा जास्त असतो, त्याच्या हाती साधनं कमी, एवढंच.

तर कन्सोल जुन्या जागेपेक्षा फूटभर पुढं. गुडघे काय ते बघून घेतील. दोन्ही अंगांनी बर्म्युडा घातलेला जाडा माणूस आडवा न होता जाईल एवढी वाट ठेवली आहे. पेट्रोल टाकीचं झाकण कन्सोलखाली येऊ दिलं नाही, कारण उद्या टाकीचा सेन्सर बिघडला तर अख्खं खोकं उचकटावं लागेल. स्क्रू नुसत्या प्लायवूडमध्ये मारणार नाही. भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरायची, मग त्यातून आरपार बोल्ट. स्टिअरिंगची केबल आता फूटभर लांब लागेल, ती मागवली आहे.