स्वस्तातले कापडी डायपर: कव्हर विकत घ्या, आतलं कापड घरचं

कापडी डायपर शोधायला बसलं की आधी बारा-चोवीसचे तयार संच दिसतात, आणि किंमत वाचून माणूस परत वापरून फेकायच्या डायपरकडे वळतो. खरं तर अख्खा संच घ्यायचं कारणच नाही. कापडी डायपरला कामं दोनच: शू शोषणं आणि ओल बाहेर न जाऊ देणं. ओल अडवायला पीयूएलचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेल्या पॉलिएस्टरचं कव्हर लागतं. ते विकतच घ्यावं. शोषायचं काम जुनं धोतर किंवा आजीचं सुती नऊवारी उत्तम करतं.

रोज धुणं होत असेल तर नवजात बाळाला 24 ते 30 लंगोट, म्हणजे आतली शोषणारी कापडं, आणि 5-6 कव्हरं पुरतात. कव्हरला शी लागली नसेल तर आतून पुसायचं, वाळू द्यायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा घालायचं. दर वेळी बदलतो तो फक्त लंगोट. ‘फ्री साइज’ कव्हर टिचबटणांनी लहान-मोठं होतं खरं, पण तीन किलोच्या बाळाच्या मांडीपाशी बहुधा फट राहते. पहिला महिनाभर घरात नुसता लंगोट बांधावा, कव्हराची घाई नको.

कापड सुतीच हवं. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून काडी लावा. सुताची राख होते आणि कागद जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. साधारण 27 इंचांचे चौकोन कापून कडा शिंप्याकडून इंटरलॉक करून घ्या. नवं मलमल किंवा फ्लॅनेल घेतलं तर कापण्याआधी धुवा, ते आटतं. शिवाय नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे पाच-सहा धुण्यांपर्यंत ते नीट शोषत नाही. पहिल्याच दिवशी ‘गळतंय’ म्हणून बाजूला ठेवलेले कितीतरी डायपर खरं तर फक्त पुरेसे धुतलेले नसतात.

घडी अशी: चौघडी घाला, वरचा एक पदर बाजूला ओढून त्रिकोण करा, उलटं करा आणि उरलेला चौकोन दुमडत मधोमध जाड पट्टी आणा. रात्री त्यात आणखी एक लंगोट पट्टीसारखा ठेवा, मुलग्यासाठी पुढच्या बाजूला जास्त जाडी. मायक्रोफायबरचं इन्सर्ट, म्हणजे कव्हरात ठेवायची तयार शोषक पट्टी, स्वस्त मिळतं, पण ते थेट त्वचेवर नको. ते त्वचेतली ओलही ओढतं आणि कातडी कोरडी पडते.

मांडीपाशी गळत असेल तर आधी कव्हरच्या कडेतून कापडाचं टोक बाहेर डोकावतंय का ते पाहा. बहुतेकदा तेच असतं. काही महिने छान चाललेला लंगोट अचानक शोषेनासा झाला, तर कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर कापडावर थर बसलाय: फॅब्रिक सॉफ्टनरचा, रॅशच्या क्रीमचा किंवा बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा. गरम पाणी, पुरेशी पावडर आणि दोन-तीनदा खळबळणं हा त्यावर उपाय. क्रीम लावायचंच असेल तर मध्ये जुन्या कापडाचा तुकडा घाला.

रोजचं धुणं: शी जेट स्प्रेने काढा, आधी साध्या पाण्यात एक धुणं, मग पावडरीत दुसरं. रात्रभर बादलीत भिजवू नका, वास मुरतो आणि कव्हर खराब होतं. बाळाच्या अंगाला लागेल म्हणून पावडर अगदी चिमूटभर घालायची सवय असते. त्यानेच अमोनियाचा उग्र दर्प राहतो. सुती लंगोट उकळले तरी चालतात. कव्हर मात्र उकळू नये, इस्त्री करू नये आणि कडक उन्हात ठेवू नये.

पावसाळ्यात या साध्या लंगोटाचा खरा फायदा कळतो. चार-सहा थरांचं शिवलेलं इन्सर्ट कोकणातल्या हवेत दोन-दोन दिवस ओलसर राहतं, एकेरी कापड पंख्याखाली वाळतं आणि उरलीसुरली ओल इस्त्रीने जाते. तरी त्या महिन्यांत आठ-दहा लंगोट जादा ठेवा.

कव्हरं कोणाकडून वापरलेली घेत असाल तर उजेडासमोर धरून आतला थर सोलला किंवा तडकलाय का पाहा, आणि प्रत्येक टिचबटण लावून बघा. इलास्टिक ताणल्यावर कुरकुरलं तर ते संपलंय. थर शाबूत असेल तर तेवढ्यावरून कव्हर नाकारू नका, शिंपी नवं इलास्टिक घालून देतो.