आक्काचं गणित आणि इथला ‘गर्ल्स डे’

एप्रिलमध्ये आमच्या कारखान्यात बारा मुली आल्या होत्या, सातवी-आठवीच्या. जर्मनीत २००१ पासून वर्षातला एक दिवस ‘गर्ल्स डे’ असतो. त्या दिवशी मुलींनी शाळेऐवजी वर्कशॉप, प्रयोगशाळा अशा, बायका कमी दिसतात त्या ठिकाणी जायचं आणि काम बघायचं. आमच्या विभागात बायका दोघीच, मी आणि लाइपझिगची एक सहकारी. त्यामुळे मुलींना फिरवायचं काम आमच्याकडं आलं.

एका मुलीच्या हातात मी व्हर्नियर दिला आणि शाफ्टचा व्यास मोजायला सांगितला. तिनं जबडे नीट टेकवले, मुख्य पट्टीवरचा आकडा वाचला, मग डोळे बारीक करून खालची कुठली रेघ वरच्या रेघेशी जुळते ते शोधत बसली. म्हणाली, २४.३६. मी डिजिटल व्हर्नियरवर पडताळलं, बरोबर २४.३६. पहिल्याच वेळी इतकं नेमकं वाचणारी मुलं मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालासुद्धा फार पाहिली नाहीत. दुपारी आई न्यायला आली तेव्हा मी तोंड भरून कौतुक केलं. आई हसली आणि म्हणाली, “असेल, पण गणितात ती माझ्यावर गेलीय. आमच्या घरात गणित कुणालाच येत नाही.” मुलगीही हसली. हातातला शाफ्ट तिनं टेबलावर ठेवून दिला.

तीन आठवडे झाले, ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं पोराचं किंवा पोरीचं गणित कच्चं असलं की घरात काळजीचं वातावरण होतं. शिकवणी लागते, पाढे पहिल्यापासून सुरू होतात, मामा सुट्टीत वही घेऊन बसतो. इथं मात्र “मला गणित येत नाही” हे लोक डोळ्यांचा रंग सांगावा इतक्या सहज सांगतात, आणि सांगणाऱ्यांत बायका जास्त. आईनं सांगितलं, मावशीनं सांगितलं, की तेरा वर्षांच्या पोरीनं अजून काय ऐकायचं? २०१० साली शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या वर्गांत एक गोष्ट पाहिली होती. ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या काही मुलींना वर्षअखेरीस वाटू लागलं होतं की गणित हा मुलांचा विषय, आणि त्याच मुलींचे गुण खाली आले. वर्गातल्या मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे धास्ती मोठ्या बायकांकडून छोट्या पोरींकडं जाते, कुणी मुद्दाम काही न शिकवता.

माझी सहकारी त्या आईवर माझ्यापेक्षा जास्त चिडली. तिची आई पूर्व जर्मनीत लेथवर काम करायची. पोरं पाळणाघरात, आई आठ तास कारखान्यात, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पश्चिमेकडं १९७७ पर्यंत कायद्यानं घर ही बायकोची जबाबदारी होती, आणि संसाराला बाधा येत नसेल तरच तिनं नोकरी करायची. एकच भाषा बोलणारी ही माणसं, चाळीस वर्षं दोन वेगळ्या देशांत राहिली. आजही पूर्वेकडच्या राज्यांत गणितातलं मुला-मुलींमधलं अंतर पश्चिमेपेक्षा कमी आहे. मुलीच्या डोक्यातच काही कमी असतं असं म्हणणाऱ्याला मी आता एवढंच सांगते.

पश्चिमेकडं नोकरी करणाऱ्या आईसाठी एक शब्द आहे, ‘राबेनमुटर’, पिलांना सोडून उडून जाणारी डोमकावळीण. मुलगा लहान असताना तो मीही ऐकला. मग तीन वर्षं मी अर्धवेळ काम केलं, कारण बालवाडी दोनला सुटायची, नवऱ्याचा पगार जास्त होता, आणि नवरा-बायकोनं मिळून निवडायच्या करवर्गांपैकी आम्ही जो घेतला होता त्यात माझ्या पूर्ण पगाराचा मोठा हिस्सा दर महिन्याला कापला गेला असता. आकडेमोड मी स्वतः केली होती आणि ती चुकलेली नव्हती. सासर-माहेर दोन्हीकडून कुणी मदतीला नव्हतं. माझ्या जागी दुसरी असती तरी तिनं हेच केलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत एकानं विचारलं, “तुमच्याकडं तर मुलींना शिकूच देत नाहीत ना?” मला रागच आला. मी त्याला आमच्या बोर्डाचे आकडे सांगितले. २०२५ च्या दहावीत मुली ९६.१४ टक्के पास, मुलं ९२.३१. बारावीतही मुलीच पुढं, आणि हे दरवर्षीचं आहे, पेपरवाल्यांचा ‘मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला असतो. लातूरच्या शिकवण्यांत पहाटेपासून बसणाऱ्या मुलींबद्दल सांगितलं. मुलगी आहेस म्हणून तुला गणित जमणार नाही, असं मला बीड जिल्ह्यात आयुष्यात कुणी म्हणालं नाही, हेही सांगितलं. ते खरंच आहे.

मी न सांगितलेलंही खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. आपल्या घरातलं परक्यासमोर काढवत नाही.

माझी मावसबहीण, आक्का, माझ्याहून वर्षानं मोठी, पण माझ्याच वर्गात. मधलं एक वर्ष तिचं साखर कारखान्यावर गेलं होतं. आई-बाप ऊस तोडायचे, ती कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायची. त्या हंगामाच्या शेवटी मुकादम हिशोबाला बसला तेव्हा बारा वर्षांची आक्का बापाच्या मागून म्हणाली, “दोन खेपा कमी लावल्यात.” तिनं गाडीगणिक टनाचे आकडे तोंडपाठ ठेवले होते, तारखेसकट. मुकादमानं वही परत चाळली आणि दोन खेपा निघाल्या. मावशीच्या नवऱ्यानं ही गोष्ट गावभर सांगितली. पोरीचं डोकं लई तेज, असं सगळेच म्हणायचे. आणि त्याच दमात, “पण करायचंय काय?”

दहावीला गणितात ती माझ्यापुढं होती. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं. उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, जोडी म्हणजे एक कोयता. पोरगी एकटी घरी ठेवून सहा महिने लांब जायचं, गावात काही कमीजास्त झालं तर काय, ही भीती मावशीला होती आणि ती खोटी नव्हती. मी अंबाजोगाईला अकरावीला गेले. माझे वडील जिल्हा परिषदेत गुरुजी होते, पगार महिन्याच्या महिन्याला यायचा, आमच्या दाराला दिवाळीनंतर कुलूप लागत नव्हतं. दोघींमधला फरक एवढाच. पाण्याची घागर, भाकरी, लहान भाऊ, हे माझ्याही वाट्याला होतं, पण संध्याकाळी सातनंतर आजी म्हणायची, “जा, तू अभ्यास कर.” तिच्या घरी ते म्हणायला कुणी नव्हतं.

पुढं मुलींसाठी बरंच झालं. एसटीचा मोफत पास आहे, मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसा आहेत, सायकली मिळाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले मुलगेही शाळेतून गळतात, लवकर कमावते होतात. त्यांच्याबद्दल एकदा वेगळं लिहायला हवं.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आक्काला फोन लावला. लेकीला गणितात ९४ मिळालेत. मी म्हटलं, “लातूरला ठेव, खोलीचं भाडं मी पाठवते.” तिच्याकडं सगळं आधीच मांडलेलं होतं. खोली, मेस, पुस्तकं, चोवीस महिन्यांचा आकडा तिनं एका दमात सांगितला. “भाडं तेवढं दे,” ती म्हणाली. “बाकीचं बघितलंय. मी यंदा जात न्हाई कारखान्यावर. ह्यांनी अर्ध्या कोयत्याची उचल घ्यायची ठरवलीय. धाकट्याला मी बघते.”

“आणि तुझ्या वाटच्या उचलीचं काय?”

“ते वजा करूनच सांगितलंय की तुला.”