खटला भरायची सही कुणाची? माझा अनुभव

शेजारच्या इमारतमालकाने दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेवर पत्रे ठोकून गोदाम उभं केलं आणि आमच्या स्वयंपाकघरातला उजेड गेला. प्रभाग कार्यालयात तक्रार दिली. कनिष्ठ अभियंत्याने येऊन फोटो काढले, एमआरटीपीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या, कलम ५३ ची बेकायदा बांधकाम काढण्याची नोटीस बजावली. मालकाने ती वाचलीही नसावी.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "काका, महापालिकेचा माणूस फिर्याद घेऊन येऊ द्या, मग बघू." नगरसेवकांनी माझ्यासमोर फोन लावून कुणालातरी झापलं. मला बरं वाटलं, एवढंच. अभियंत्याचं ठरलेलं उत्तर, "वरून आदेश नाही." वर म्हणजे कुठे, ते काही सांगेना.

शेवटी मीच कायदा उघडला. त्याच १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम १४२ म्हणतं, नियोजन प्राधिकरणाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी नसेल तर खटला भरता येत नाही. शहरात ते प्राधिकरण म्हणजे महापालिका. महापालिकांच्या स्वतःच्या १९४९ च्या अधिनियमातही (मुंबईचा वेगळा, १८८८ चा) खटले भरायचा किंवा मागे घ्यायचा अधिकार कलम ४८१ ने आयुक्तांना दिलाय, आणि कलम ६९ नुसार ते आपले अधिकार हाताखालच्यांना देऊ शकतात. महापौर, नगरसेवक यांचा त्यात कुठे संबंधच नाही. मी उगाच त्यांच्या दारात बसलो होतो.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "कारवाई कधी करणार" असलं काही विचारलं नाही. आमच्या प्रभागापुरती ही मंजुरी देण्याचे अधिकार कुणाला दिलेत, त्या आदेशाची प्रत द्या, एवढंच मागितलं. तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी एक पानी कार्यालयीन आदेश हातात आला. अधिकार होते आमच्याच प्रभागाच्या सहायक आयुक्तांना. मी ज्या बाकावर चार महिने बसत होतो, त्याच्या समोरची केबिन.

आदेशाची प्रत जोडून थेट त्यांच्या नावे अर्ज दिला, आवक शिक्का घेतला. तीन आठवड्यांत मंजुरीवर सही झाली आणि त्याच अभियंत्याने फिर्याद दिली. नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली शिक्षा एक महिना ते तीन वर्षं, शिवाय दंड. मालक आता वकील शोधतोय.

पत्रे मात्र जागेवरच आहेत. पाडकामाची नस्ती, म्हणजे फाइल, वेगळी असते म्हणे. तिच्यावर सही कुणाची, ते विचारणारा अर्ज काल टाकलाय.